पर्सी जॅक्सनची पुस्तकं: पालक, ग्रंथपाल आणि खुद्द मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक देवांची अमेरिकेत जन्मलेली पोरं, त्यांचा उन्हाळी कॅम्प आणि त्यांच्या मागे लागलेले राक्षस: रिक रायर्डनच्या या पुस्तकांबद्दल पालक, ग्रंथपाल आणि मुलं जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरांत गोष्टीतली रहस्यं फुटतात. तिथे प्रश्नापुढेच तसं लिहिलं आहे. अजून वाचत असाल तर तेवढी उत्तरं सोडून पुढे जा.

थोडक्यात सांगा, गोष्ट आहे तरी काय?

पर्सी जॅक्सन हा न्यू यॉर्कचा बारा वर्षांचा मुलगा. दरवर्षी नवी शाळा, दरवर्षी नवा गोंधळ, दरवर्षी शाळेतून हकालपट्टी. एकदा वर्गाची सहल संग्रहालयात गेलेली असताना गणिताच्या बाई त्याला बाजूला घेतात आणि त्यांना चक्क कातडी पंख फुटतात. लॅटिनचे सर लांबून एक पेन फेकतात, पेनाची तलवार होते, आणि बाईंचा भुगा होतो. मागाहून विचारावं तर वर्गात कुणाला त्या बाई आठवतच नाहीत.

हळूहळू उलगडतं ते असं: ग्रीक देव खरे आहेत, अजून जिवंत आहेत, आणि माणसांच्या पोटी त्यांना मुलं होतात. पर्सी हा समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. देवांचा राजा झ्यूस याचं वज्र चोरीला गेलंय, संशय पर्सीवर आहे, आणि उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसापर्यंत ते परत मिळालं नाही तर देवांमध्ये युद्ध पेटणार. मग तो, बुद्धीची देवता अथीना हिची मुलगी अ‍ॅनाबेथ आणि बोकडाचे पाय असलेला ग्रोव्हर असे तिघे न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसला निघतात. कारण पाताळाचं दार तिथे आहे, एका रेकॉर्डिंग स्टुडिओत.

लेखकाला हे सुचलं कुठून?

रायर्डन मूळचा शिक्षक. जन्म १९६४, टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचा. जवळजवळ पंधरा वर्षं त्याने टेक्सस आणि कॅलिफोर्नियातल्या शाळांत इंग्रजी आणि इतिहास शिकवला, आणि जोडीला मोठ्यांसाठी रहस्यकथा लिहिल्या. त्याच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आणि डिस्लेक्सिया (वाचनात येणारी अडचण) असल्याचं निदान झालं. मुलगा दुसरीत होता, वाचन म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. शाळेत एकच गोष्ट आवडायची, ग्रीक पुराणं. म्हणून बाप रोज झोपताना त्याला त्या गोष्टी सांगायचा. ठेवणीतल्या गोष्टी संपल्या तेव्हा मुलगा म्हणाला, नवीन रचून सांग.

रायर्डनला आपल्या वर्गातला एक जुना उपक्रम आठवला. मुलांनी हवा तो ग्रीक देव निवडायचा आणि त्याच्या पोटी जन्मलेला आपला स्वतःचा नायक तयार करायचा. त्यातून पर्सी आला. गोष्ट सांगायला तीनेक रात्री लागल्या, आणि हे लिहून काढ असं मुलानेच सांगितलं. छापण्याआधी हस्तलिखित त्याने आपल्या काही विद्यार्थ्यांना वाचायला दिलं. पुस्तक २००५ मध्ये आलं.

ही हकीकत मी मुद्दाम सविस्तर दिली. या पुस्तकांत जे काही चांगलं आहे त्यातलं बरंचसं, कंटाळलेल्या वर्गासमोर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाकडून आलेलं आहे. मुलाचं लक्ष कुठल्या ओळीला सुटतं ते त्याला नेमकं ठाऊक आहे.

कुठल्या क्रमाने वाचायची?

आधी मूळची पाच, लागोपाठ: 'द लाइटनिंग थीफ' (२००५), 'द सी ऑफ मॉन्स्टर्स' (२००६), 'द टायटन्स कर्स' (२००७), 'द बॅटल ऑफ द लॅबिरिंथ' (२००८), 'द लास्ट ऑलिंपियन' (२००९). क्रम मोडू नका. एकच भविष्यवाणी पाचही पुस्तकांतून पुढे सरकते. ग्रंथालयात तिसरा भाग मोकळा आहे म्हणून तिथूनच सुरुवात केली, तर पहिल्या दोन भागांतली गंमत कायमची जाते.

आणि पाच संपल्यावर?

इथे जरा थांबा, असा माझा सल्ला आहे. पुढे 'हिरोज ऑफ ऑलिंपस'ची पाच पुस्तकं आहेत (२०१० ते २०१४). त्यांत रोमन देव येतात, सॅन फ्रान्सिस्कोजवळ रोमनांचा वेगळा कॅम्प निघतो, नायक एकाचे सात होतात आणि पर्सीचा 'मी' जाऊन प्रत्येक पात्राच्या नजरेतून आलटून पालटून गोष्ट चालते. पुस्तकं जाडजूड आहेत. काही मुलांना हाच भाग जास्त आवडतो. मला विचाराल तर पर्सीचा खट्याळ आवाज गेला की निम्मी मजा जाते.

त्यानंतरची 'द ट्रायल्स ऑफ अपोलो' (२०१६ ते २०२०) मात्र सोडू नका. झ्यूस शिक्षा म्हणून अपोलोला माणूस करतो, तोही पुटकुळ्या आलेला, पोट सुटलेला लेस्टर नावाचा पोरगा. हजारो वर्षं आरशापुढे घालवलेल्या देवाला कचऱ्याच्या पेटीत पडून जाग येते. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्याची एक भिकार हायकू असते. २०२३ आणि २०२४ मध्ये पर्सी, अ‍ॅनाबेथ आणि ग्रोव्हर यांची दोन सुटसुटीत पुस्तकंही आली. कॉलेजात प्रवेश मिळवायचा तर पर्सीला देवांकडून शिफारसपत्रं आणावी लागतात, त्याची ती गोष्ट.

कुठल्या वयाला द्यावीत? मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी झेपेल का?

नऊ-दहा वर्षांपासून पुढे. पहिलं पुस्तक पावणेचारशे पानांच्या आसपास आहे, ते बघून घाबरू नका. प्रकरणं बावीस, वाक्यं छोटी, संवाद भरपूर. प्रकरणांची नावंच मुलांना ओढून घेतात. पहिल्याच प्रकरणात पर्सी जाहीर करतो की आपण चुकून गणिताच्या बाईंची वाफ करून टाकली.

मराठी माध्यमातल्या मुलाला अडतं ते व्याकरणापेक्षा अमेरिकन शाळेच्या बारकाव्यांवर: डिटेन्शन, बोर्डिंग स्कूल, समर कॅम्प, फास्ट फूडच्या दुकानांची नावं. पहिली दोन प्रकरणं बरोबर बसून मोठ्याने वाचा. तिसऱ्यापासून बहुतेक मुलं तुमच्या हातातून पुस्तक काढून घेतात. प्रत्येक अनोळखी शब्दाला शब्दकोश उघडायला लावू नका, नाहीतर वज्र मिळायच्या आत दिवाळीची सुट्टी संपेल.

नावांबद्दल एक सूचना. कॅम्पमधल्या मुलांना शिकवणारा तो शिरॉन नव्हे, कायरन. चेटकीण ती सिरसे नव्हे, सर्सी. मुलाने चुकीचं म्हटलं तरी गोष्टीचं काही बिघडत नाही.

आधी ग्रीक पुराणं वाचून घ्यावीत का?

नको. बरेच जाणते पालक हौसेने आधी 'पाया पक्का' करायला जातात आणि मुलाच्या हातात देवांची वंशावळ देतात. या पुस्तकांची युक्ती नेमकी उलटी आहे. पर्सीला स्वतःलाच फारसं काही माहीत नसतं. समोर एक म्हातारी बाई, तोंडावर बुरखा, अंगणात दगडी पुतळेच पुतळे. ओळखीची गोष्ट असलेला वाचक पर्सीच्या आधी ओरडतो, नसलेला पर्सीबरोबर फसतो. दोघांनाही मजा येते, पण फसण्याची संधी आयुष्यात एकदाच मिळते. ती मुलाला मिळू द्या. मूळ कथा मागून वाचायची असते, आणि ती मूल आपणहून मागतं.

मागितलीच तर २०१४ आणि २०१५ मध्ये रायर्डननेच पर्सीच्या तोंडून देवांच्या आणि वीरांच्या मूळ कथा सांगितल्या आहेत. जॉन रॉकोची मोठाली रंगीत चित्रं आहेत. थोड्या शांत स्वरात हव्या असतील तर डॉलेअर दांपत्याचं १९६२ चं सचित्र ग्रीक पुराणांचं पुस्तक आजही उत्तम आहे.

पुस्तकातलं किती खरं ग्रीक आहे आणि किती लेखकाच्या पदरचं? (रहस्यभेद आहे)

अपेक्षेपेक्षा बरंच जास्त ग्रीक आहे, फक्त जागा बदललेल्या आहेत.

पर्सीचं पूर्ण नाव पर्सियस. पण पुराणातला पर्सियस झ्यूसचा मुलगा, पोसायडनचा नव्हे. मग हेच नाव का? त्याची आई सॅली सांगते, कारण ग्रीक वीरांपैकी ज्यांचा शेवट गोड झाला अशा मोजक्यांत तो होता. खरंच आहे ते. हेराक्लिस जळून मेला, थीसियसला कड्यावरून ढकललं, जेसनच्या डोक्यात त्याच्याच कुजलेल्या जहाजाचं लाकूड पडलं. पर्सियस त्या मानाने सुखी.

कामं मात्र पर्सी सगळ्यांची उरकतो. बैलाचं डोकं असलेल्या मिनोटॉरला मूळ कथेत थीसियसने मारलं. रस्त्यात वाटसरूंना पलंगावर झोपवून, लांब असेल त्याला कापणारा आणि तोकडा असेल त्याला ताणणारा प्रोक्रस्टीस, हाही थीसियसचाच बळी. पुस्तकात तो लॉस एंजेलिसमध्ये पाण्याच्या गाद्या विकतो. थीसियसला एका परंपरेत पोसायडनचा मुलगा मानतात, म्हणजे पर्सी आपल्या थोरल्या सावत्र भावाचीच कामगिरी पुन्हा करतो. कायमेरा ही आग ओकणारी राक्षसीण म्हणजे बेलेरोफॉन या वीराची शिकार, इथे ती सेंट लुईसच्या प्रचंड कमानीवर कुत्र्याच्या रूपात भेटते. कमळ खाऊन घर विसरणारी माणसं होमरच्या ओडिसी या महाकाव्यातली, ती लास व्हेगसच्या जुगारी हॉटेलात आहेत, आणि व्हेगसला एकदा गेलेला कुणीही म्हणेल की जागा चुकलेली नाही. दुसरा भाग तर उघड उघड ओडिसी आणि सोनेरी लोकर यांची मिसळ आहे. सर्सी मूळ कथेत खलाशांची डुकरं करते, इथे गिनीपिग करते.

आता मला सर्वांत आवडलेला धागा. पुराणात पर्सियसच्या आईच्या, डॅनाएच्या मागे पॉलिडेक्टीस नावाचा राजा लागलेला असतो. जिच्याकडे पाहिलं की माणसाचा दगड होतो त्या मेड्युसाचं डोकं आणायला तोच पर्सियसला धाडतो, म्हणजे पोरगा परस्पर मरेल आणि वाट मोकळी होईल. पर्सियस डोकं घेऊन परततो आणि राजाचाच दगड करतो. पुस्तकात सॅलीचा नवरा गेब हा पत्ते कुटणारा, घाणेरडा, बायकोवर हात उगारणारा माणूस. मेड्युसाचं डोकं शेवटी त्याच घरात येतं. पण इथे मुलगा आईच्या वतीने काही करत नाही. तो डोकं तिच्यापाशी ठेवून जातो, काय करायचं ते तिचं तिने ठरवायचं. थोड्या दिवसांनी गेब बेपत्ता होतो, पत्ते खेळणाऱ्या माणसाचा एक हुबेहूब पुतळा चांगल्या किमतीला विकला जातो आणि त्या पैशांत सॅली कॉलेजात नाव घालते. तीन हजार वर्षं जुन्या कथेत एवढाच बदल केला, आणि सुटका करून घेणारी व्यक्ती बदलली.

लेखकाने पदरचं घातलं तेही सांगायला हवं. क्रोनस हा झ्यूसचा बाप, टायटन नावाच्या जुन्या देवांचा राजा. त्याचे त्याच्याच कोयत्याने तुकडे करून टार्टारसमध्ये, म्हणजे पाताळाच्या तळाशी फेकले, असं पुस्तक म्हणतं. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात कोयता आहे, पण तो क्रोनस आपल्या बापावर, युरेनसवर चालवतो. दहा वर्षांच्या युद्धानंतर टायटन हरतात आणि कैदेत पडतात, कुणाचे तुकडे होत नाहीत. अथीना कुमारी देवता, तिला मुलं कशी, या अडचणीवर रायर्डनचा तोडगा असा की ती थेट तिच्या बुद्धीतून जन्मतात, जशी ती स्वतः झ्यूसच्या डोक्यातून जन्मली. तर्क पक्का आहे, पुराण नाही. मेड्युसाचं प्रकरण त्याने बरंच सौम्य केलं आहे. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत समुद्रदेव तिच्यावर देवळातच बलात्कार करतो आणि शिक्षा मिळते ती तिलाच. मुलांच्या पुस्तकात ते चोरटं प्रेमप्रकरण झालं आहे. दहा वर्षांच्या वाचकासाठी ठीक, पण मुलगी पंधराची झाली की मूळ कथा तिच्याशी बोलण्यासारखी आहे.

ग्रीक देव अमेरिकेत काय करतायत?

कायरनच्या म्हणण्याप्रमाणे देव पाश्चात्त्य संस्कृतीच्या केंद्रासोबत फिरतात. ग्रीस, मग रोम, मग जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इंग्लंड, आणि आता अमेरिका. म्हणून देवांचं घर, ऑलिंपस, हल्ली न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर आहे. गोष्टीपुरती कल्पना झकास आहे. एरवी पाहिलं तर, जगाचं केंद्र आपल्याच शहरात आहे असं ज्याला त्याला वाटत आलेलं आहे. पुण्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

एडीएचडी आणि डिस्लेक्सियाबद्दल पुस्तक नेमकं काय म्हणतं? आमच्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे.

पुस्तकातल्या जवळजवळ सगळ्या देवपुत्रांना आणि देवकन्यांना हे दोन्ही आहे. इंग्रजी अक्षरं पर्सीच्या डोळ्यांपुढे तरंगतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला आहे. तो वर्गात स्वस्थ बसू शकत नाही, कारण रणांगणावर जिवंत राहायला लागणारी सावधता त्याच्या अंगात भिनलेली आहे. शाळेत जे प्रगतिपुस्तकात लाल शाईने येतं, ते कॅम्पमध्ये ओळखीची खूण ठरतं.

वैद्यकीय दृष्ट्या अर्थातच ही कल्पना आहे. मुलाला तसं सांगितलं तर ते समजतं, त्यासाठी गोष्टीचा रस मोडावा लागत नाही. त्याला लागू पडते ती दुसरी गोष्ट: पर्सी शेवटपर्यंत बरा होत नाही. पाचव्या भागातही त्याला पाट्या वाचताना त्रास होतो. मुलांच्या पुस्तकांत अशा नायकाची अडचण शेवटच्या प्रकरणात बहुधा गुपचूप नाहीशी होते. इथे ती राहते, आणि त्याच्याबरोबर कॅम्पमधल्या सगळ्यांनाच ती असते, त्यामुळे तिचं कौतुकही होत नाही आणि कीवही येत नाही.

छापील पान जड जात असेल तर ऑडिओबुक वापरा. ते ऐकणं म्हणजे वाचनच. पहिल्या पुस्तकाची चित्रकादंबरीही आहे, तिचाही उपयोग होतो.

देव इतके बेजबाबदार का दाखवलेत? (रहस्यभेद आहे, मोठा)

कारण पुस्तकांचा गाभा तोच आहे. तलवारी आणि राक्षस वरवरचे आहेत, खाली सगळी गोष्ट सोडून गेलेल्या आई-बापांची आहे.

कॅम्पमध्ये बारा देवांच्या बारा खोल्या. देवाने मुलाला आपलं म्हटलं, की त्याच्या डोक्यावर खूण उमटते आणि त्याला खोली मिळते. ज्यांना कुणीच आपलं म्हणत नाही, ती सगळी हर्मीसच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकून वाट बघत राहतात, काही वर्षानुवर्षं. हर्मीस हा वाटसरूंचा देव, म्हणून त्याच्याकडे सगळ्यांना आसरा. त्या खोलीचा म्होरक्या ल्यूक. पहिल्या दिवशी पर्सीला सांभाळून घेणारा, तलवार शिकवणारा थोरला दादा. वज्र त्यानेच चोरलेलं असतं.

ल्यूकला रायर्डन सरधोपट खलनायक करत नाही. भविष्य पाहण्याच्या नादात त्याच्या आईचं डोकं फिरलेलं आहे, बाप देव असून कधी फिरकला नाही, आणि एकदा जिवावरची कामगिरी देऊन तोंडावर व्रण घेऊन परत पाठवला. त्याचा राग खरा आहे. चूक आहे ती त्या रागाच्या भरात क्रोनसचा हात धरण्यात. स्वतःची पोरं गिळणारा क्रोनस! वाईट बापांवर चिडून पोरगा सर्वांत वाईट बापाकडे जातो.

पाचव्या भागाच्या शेवटी देव खूश होऊन पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो नाही म्हणतो आणि त्याऐवजी मागतो काय, तर इथून पुढे प्रत्येक देवाने आपल्या प्रत्येक मुलाला तेराव्या वर्षाच्या आत आपलं म्हणायचं, आणि लहानसहान देवांच्या मुलांनाही कॅम्पमध्ये खोली द्यायची. एवढ्या युद्धानंतर मागणी जवळजवळ सरकारी कचेरीतली वाटते: नोंद करा, जागा द्या. पहिल्या पुस्तकातली ती जमिनीवरची पथारी लक्षात असेल तर ही मागणी वाचताना घसा दाटतो.

घटस्फोट, परगावी किंवा परदेशी नोकरीला असलेला बाबा, एकट्या आईने वाढवलेली मुलं: अशा घरांत ही पुस्तकं इतकी जवळची का वाटतात, ते यावरून कळेल.

देवांची बाहेरची प्रकरणं, लग्नाबाहेरची मुलं... हे मुलांना कसं समजवायचं?

पुस्तकात त्याबाबत काहीही अश्लील नाही. देव आणि माणूस प्रेमात पडले, मूल झालं, देव निघून गेला, इतकंच. आणि आपल्या मुलांना यात नवीन काय आहे? कुंती, सूर्य आणि कर्ण त्यांनी पाचव्या वर्षी आजीकडून ऐकलेले असतात. टीव्हीवरही पाहिलेले असतात. जन्मतःच कवचकुंडलं देऊन पुढे वाऱ्यावर सोडणारा बाप मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. पर्सी वाचून झाल्यावर मुलांना कर्ण जास्त आपला वाटू लागतो, असं मी पाहिलं आहे.

हिंसा किती आहे?

राक्षस मेले की त्यांची पिवळी भुकटी होते आणि कालांतराने ते टार्टारसमधून परत येतात, त्यामुळे रक्तपात फारसा नाही. तिसऱ्या भागापासून मात्र चांगली, आवडती पात्रं मरतात आणि ती परत येत नाहीत. पाचवा भाग म्हणजे मॅनहॅटनमधलं सरळसरळ युद्ध आहे. हळव्या मुलाला तिसरा भाग देताना तुम्हीही सोबत वाचा. 'हिरोज ऑफ ऑलिंपस'मधल्या 'द हाउस ऑफ हेडीस'मध्ये (२०१३) एक मुलगा आपल्याला दुसऱ्या मुलाबद्दल वाटणारं प्रेम मोठ्या यातनेने कबूल करतो. प्रसंग फार नाजूकपणे लिहिलेला आहे. मुलाने विचारलं तर काय बोलायचं, याची थोडी तयारी ठेवा.

देवधर्माच्या दृष्टीने काही खटकण्यासारखं?

कायरन पहिल्याच पुस्तकात स्पष्ट करतो की सृष्टीचा कर्ता जो एक ईश्वर, तो विषय वेगळा, आपण या छोट्या देवांबद्दल बोलतोय. तरी चौकस मूल एक ना एक दिवस विचारणारच: "ग्रीकांचे देव गोष्टीतले, मग आपले?" झ्यूसला एकेकाळी खरोखर बळी दिले जात, नवस केले जात, हे सांगून टाका. पुढचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असणार. प्रश्न टाळू नका एवढंच.

आपल्याकडे ग्रीक देवांचा काही खराखुरा माग लागतो का?

लागतो, आणि तोही पर्सीच्या बापाचा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेल्या वस्तूंत पोसायडनची एक छोटी ब्राँझ मूर्ती होती. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत भूमध्य समुद्राकडून व्यापाराच्या वाटेने आलेली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पुस्तक वाचलेल्या मुलाला घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा तिथेही डोकवा. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांतले काही दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात. ग्रीकांसाठी तेव्हा हाच शब्द होता.

सिनेमा पाहू की मालिका?

मालिका. २०१० च्या सिनेमात बारा वर्षांचा पर्सी चांगला मिसरूड फुटलेला झाला, क्रोनस गायब, युद्धदेव एअरीसही जवळजवळ गायब, आणि मोत्यांच्या शोधात सगळे देशभर हिंडतात असं नवंच कथानक आलं. २०१३ चा दुसरा सिनेमा आल्यावर ती गाडी थांबली. रायर्डनने या सिनेमांबद्दलची नाराजी कधी लपवली नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये डिस्ने प्लसवर सुरू झालेल्या मालिकेत तो स्वतः निर्मात्यांपैकी आहे. मुलं मुलांच्या वयाची आहेत, ग्रोव्हरचं काम भारतीय वंशाच्या आर्यन सिम्हाद्रीने केलंय, आणि मेड्युसाला पुस्तकापेक्षा जास्त न्याय मिळालाय. एक तक्रार आहे: मालिकेतल्या मुलांना सापळे फार लवकर ओळखू येतात. पुस्तकातली फसण्याची मजा तिथे कमी झाली आहे. आधी पुस्तक, मग पडदा.

आपल्या पुराणांवर असं काही आहे का?

आहे, आणि त्यामागेही रायर्डनच आहे. आपण दुसऱ्यांच्या पुराणांवर लिहिण्यापेक्षा त्या त्या संस्कृतीतल्या लेखकांना पुढे आणावं म्हणून त्याच्या नावाने एक प्रकाशनमाला निघाली. तिचं पहिलं पुस्तक २०१८ मधलं, रोशनी चोक्शीचं 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम'. आरू अटलांटातल्या भारतीय वस्तूंच्या संग्रहालयात आईबरोबर राहणारी बारा वर्षांची थापाडी मुलगी. वर्गातल्या मुलांपुढे शेखी मिरवायला ती एक शापित दिवा लावते आणि जग गोठतं. मग कळतं की पांडव या जन्मी मुली आहेत. ती अर्जुन, भित्री मिनी युधिष्ठिर, पुढे भीमही भेटतो. वाट दाखवायला एक चिडकं कबुतर आहे, आणि ते पूर्वजन्मी कोण होतं हे कळल्यावर महाभारत पाठ असलेली मुलं उड्या मारतात. एकूण पाच पुस्तकं, २०२२ मध्ये पूर्ण झाली.

लेखिका वाढली अमेरिकेत, त्यामुळे काही संदर्भ आपल्याला वरवरचे वाटतील. आजी-आजोबा "असं नव्हतं!" म्हणून भांडतील. भांडू द्या, त्यातून मूळ कथा निघतात.

पर्सी निळंच का खातो?

गेब एकदा म्हणाला की निळ्या रंगाचं खाणं अस्तित्वातच नसतं. तेव्हापासून सॅली हट्टाने निळे केक, निळ्या गोळ्या, निळी बिस्किटं आणते. वाढदिवसाला मुलीने निळा केक मागितला तर कारण हे आहे.

मुलगी हीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचते. थांबवू का?

नाही.

शाळेच्या ग्रंथालयासाठी घ्यायची आहेत. काय काय घेऊ?

पहिल्या भागाच्या किमान दोन प्रती घ्या, तो सतत बाहेर असतो आणि त्याचीच शिवण आधी सुटते. दोन ते पाच भागांची एकेक प्रत सुरुवातीला पुरते. पैसे उरले तर 'आरू शाह'चा पहिला भाग आणि रॉकोच्या चित्रांचं देवांचं पुस्तक घ्या. ते मोठ्या आकाराचं आणि महाग आहे, पण एकाच वेळी चार-पाच मुलं त्यावर ओणवी होऊन पाहतात. पुढच्या मालिका पहिल्या खेपेला घेऊ नका. पाचवा भाग परत करायला येणारं मूल काय मागतं ते बघा, आणि त्याप्रमाणे मागवा.